तुम्ही विचारलंत म्हणून: सशाला लसूणघास चालते का?

गुहागरच्या बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर एसटीच्या रांगेत उभी असताना मागून आवाज आला, "काकी, तुमच्याकडे ससे आहेत ना? मग आमच्या सशाला लसूणघास चालते ना?"

त्या शेवटच्या 'ना'मध्ये सगळं आलं. विचारणाऱ्याची घास देऊन झालेली असते, त्याला फक्त माझा होकार हवा असतो. मी आधी उलट विचारते, ससा केवढा आहे? सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर खुशाल द्या. मादी गाभण असेल किंवा पाजत असेल, तरी द्या. वाढत्या हाडांना आणि दुधाला ती लागते. बाकी धडधाकट, मोठ्या सशाचं रोजचं जेवण म्हणून मात्र नको. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की दोनेक आठवड्यांत थोडी थोडी कमी करत साध्या गवतावर आणा. एकदम तोडलीत तर पोट बिघडतं.

लसूणघास नावाला घास, पण ती गवत नव्हे. लसणाशीही तिचं काही नातं नाही. ल्युसर्न या तिच्या इंग्रजी नावाचं तोंडातल्या तोंडात लसूण झालं असावं, असा माझा तर्क. (खरा लसूण आणि कांदा सशापासून लांब ठेवा, ते त्याला बाधतात.) ती मेथी-वाटाण्याच्या कुळातली, म्हणून काही ठिकाणी तिला मेथीघासच म्हणतात. त्यामुळे प्रथिनं भरपूर आणि कॅल्शियम साध्या गवताच्या साधारण तिप्पट. आपल्या शरीराला कॅल्शियम नको असेल तर आतडं ते फारसं शोषत नाही. सशाचं तसं नाही. पोटात जाईल त्यातलं बरंचसं तो रक्तात घेतो आणि जास्तीचं मूत्रपिंडातून बाहेर टाकतो.

हे मला कळलं ते पडवीच्या कोब्यावर. माझी बहीण कराडकडे असते, तिच्याकडे म्हशींसाठी लसूणघासेचे वाफे आहेत. दर खेपेला कुंभार्ली घाट उतरून एक पोतं आमच्याकडे यायचं. माझी सशीण चांदी तेव्हा तीन वर्षांची होती. पोतं उघडलं की कानांची टोकं आधी दिसायची, मग ती. मला वाटायचं, किती आवडीनं खाते बाई! एक दिवस कोब्यावर पांढरे डाग दिसले, वाळलेल्या चुन्यासारखे. ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर बोटाला रांगोळीसारखी कचकच लागली. सशाचं मूत्र थोडं गढूळ असतंच, पण ही रेती होती. चिपळूणच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. मूत्राशयात सगळा गाळ. खडा झाला नव्हता, एवढंच नशीब. त्यांनी पहिलं विचारलं, "खायला काय देता?" मी अभिमानानं सांगितलं, आणि सांगता सांगताच चूक कुणाची ते उमगलं.

मग द्यायचं काय? आपल्या सड्यावरचं गवत. नवरात्रानंतर कापून वाळवलेलं, उडवीतलं किंवा माळ्यावरचं. दुकानात परदेशी टिमथी गवताची पाकिटं मिळतात, छान असतात, पण त्यांची किंमत वाचून ससाच माझ्याकडे बघायला लागेल. हरळीही उत्तम, गणपतीच्या दूर्वा खुडताना चार काड्या जास्त खुडल्या की झालं. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, पुढचेच नाहीत, दाढासुद्धा. गवताच्या काड्या तासन्‌तास आडव्या चघळल्या तरच ते झिजतात. म्हणून गवत दिवसरात्र पुढ्यात हवं आणि रोजची रास निदान सशाएवढी. भाताचा पेंढा खाल्ला तर बिघडत नाही, पण त्यात सत्त्व नाही. मी तो खाली अंथरते.

आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्याची. जूनपासून घरातल्या चामड्याच्या चपलेला बुरा चढतो, मग गवताला का नाही चढणार? रोज मूठभर काढून नाकाशी धरते. कुबट वास आला किंवा झटकल्यावर धूळ उडाली की ते गवत थेट शेणखताच्या खड्ड्यात. बुरशीच्या बाबतीत काटकसर करत नाही. ताजं गवत दिलं तर पाणी निथळू देते, आणि कापून ढीग करून ठेवलेलं, आतून गरम झालेलं तर मुळीच नाही.

आता खाऊचं. गेल्या मे महिन्यात मुंबईची भाचरं आली होती. पाच मुलं, आणि प्रत्येकानं भुऱ्याला हापूसची "एकच फोड" दिली. म्हणजे पाच. भुऱ्या दोन किलोचा, त्याला दिवसाला फार तर चमचाभर फळ पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात मऊ, चिकट गोळे चेंगरून पडलेले. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, गोल. फोडून पाहिलं तर आत गवताचा भुसा दिसतो. दुसऱ्या मऊ, चकचकीत, तुतीच्या फळासारख्या घोसात. या तो टाकता टाकताच तोंडानं उचलून खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. साखर जास्त झाली की आतल्या जिवाणूंचं तंत्र बिघडतं, घोस सैल पडतो, आणि ससा तो खात नाही. भुऱ्या त्या दिवशी दुपारपर्यंत कोपऱ्यात पाठ फुगवून, दात करकरत बसला. काहीही खाईना. सशाला ओकता येत नाही. पोट थांबलं की थांबलं. पुन्हा चिपळूण. सलाईन, सिरिंजनं गवताची पेज भरवणं, आणि तिसऱ्या दिवशी पहिली लेंडी पडली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटायचेच राहिले होते. म्हणून सांगते, ससा दहा-बारा तास खात नसेल तर "उद्या बघू" म्हणू नका.

बिस्किट, पोळी, भात, फरसाण यातलं काहीच देऊ नका. गाजरही खाऊच, जेवण नव्हे. चित्रातला ससा आणि पडवीतला ससा वेगळे. नखाएवढं गाजर, बोटाच्या पेराएवढं केळं, तेही रोज नाही. माझ्या सशांना जास्वंदीचं फूल भारी आवडतं. लाल पाकळी तोंडात धरून ती आत खेचताना भुऱ्याच्या मिशांवर पिवळे परागकण लागतात. मुलांना पाहुणचार करायचाच असेल तर आता मी प्रत्येकाच्या हातात एकेक पाकळी देते.

शेवगा विचारणारेही पुष्कळ. त्याच्या पाल्यातही कॅल्शियम खूप, म्हणून मोठ्या सशाला तो क्वचित, एखादी डहाळी. आणि हो, कुंपणाचं गिरिपुष्प कधीच नाही. शेळ्या खातात म्हणून परवा एकजण मला पटवत होते. शेळीचं पोट चार कप्प्यांचं, तिला ते पचतं, सशाला विषारी. त्या झाडाच्या 'ग्लिरिसिडिया' या नावाचाच अर्थ उंदीरमार असा आहे, हे सांगितल्यावर त्यांनी पिशवीतला पाला मुकाट्यानं शेजारच्या शेळीला घातला.