मिरची गल्लीतला पीपी नंबर

गणपतीला तीन दिवस उरले होते आणि लालबागच्या मिरची गल्लीतून काकूंचा फोन आला. "अरे, आज रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने गावाला निघायचंय. दुकान आठ दिवस बंद. आणि कॅमेरे मोबाइलवर दिसतच नाहीयेत. या गर्दीत दुकान असं सोडून गेले तर माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही."

काकूंच्या दुकानातले कॅमेरे, बिलाचा कॉम्प्युटर, वायफाय हे सगळं मीच बसवलेलं. काका गेल्यावर बाईंनी एकटीने मसाला कुटायचा डंख आणि दुकान दोन्ही चालवलं. त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. हाताखालच्या मुलाला घेऊन अकराच्या सुमारास पोचलो. त्याला कामाला लागून जेमतेम महिना झाला होता.

राउटर माळ्यावर, त्याच्यावर लाल तिखटाचा थर. ब्रशने झाडताना आम्ही दोघेही शिंकून बेजार. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, मात्र ठणठणीत होता, टीव्हीवर चारही कॅमेरे स्वच्छ. म्हणजे दुखणं रस्त्यात होतं.

पूर्वी काकूंचं इंटरनेट वेगळ्या कंपनीचं होतं. ते महाग पडतं म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी फायबरचं नवं स्वस्त कनेक्शन घेतलं होतं. मला तेव्हा सांगितलं नव्हतं. सांगायचं त्यांना सुचणार तरी कसं? यूट्यूब चालत होतं, पैसे घ्यायचा क्यूआर चालत होता.

राउटर उघडला. जुना नियम जागेवर होता: बाहेरून ८००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, कोणी आलं तर त्याला १९२.१६८.०.५० या डीव्हीआरकडे पाठव. पण डीव्हीआर आता ५० वर नव्हताच, ५३ वर होता. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो ते भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी. मध्ये वीज गेली, सगळी यंत्रं पुन्हा रांगेत उभी राहिली आणि डीव्हीआरला दुसरा आकडा मिळाला. त्याचा पत्ता कायमचा बांधून दिला.

"दादा, दिसतंय!" मुलगा ओरडला. काकूंनी लगेच हात जोडले.

मी त्याचा मोबाइल हातात घेतला. वायफाय चालू होतं. फोन आणि डीव्हीआर एकाच घरात असताना मजकूर घराबाहेर जातच नाही, ही खोली त्या खोलीशी बोलते इतकंच. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लावलं आणि चकती फिरत राहिली. मिनिटभर फिरली आणि थांबली. नव्या मुलांना मी हेच पहिलं शिकवतो: बाहेरून दिसतं का हे घरात उभं राहून तपासायचं नाही.

चकतीचंही सांगितलं त्याला. टीसीपी या पद्धतीत दोन यंत्रं बोलायला लागण्याआधी तीन निरोप होतात. एक हाक देतं, दुसरं ओ देऊन उलट हाक देतं, पहिलं पुन्हा ओ देतं. त्यानंतर खरं बोलणं. दार आहे पण बंद आहे असं असेल, तर बहुतेक वेळा लगेच नकार येतो. इथे नकारही येत नव्हता. आपली हाक वाटेत कुठेतरी गडप होत होती.

मग राउटरची बाहेरची बाजू पाहिली, तिथे पत्ता १९२.१६८.१.४. हा पत्ता रस्त्यावर चालणारा नव्हे. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. ते कोणीही वापरावेत, कितीही जणांनी वापरावेत. मुलगा गोंधळला, म्हणून त्याला त्याच्याच चाळीचं विचारलं. लालबाग-परळच्या प्रत्येक चाळीत खोली नंबर बारा आहे की नाही? मग पाकिटावर नुसतं 'खोली नंबर बारा' लिहिलं तर पोस्टमन टाकणार कुठे?

काकू गल्ल्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग माझ्या मोबाइलवर बाहेरचं सगळं येतं ते कसं?"

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण नेटवर्कमधली निम्मी गंमत त्यात आहे. मी विचारलं, "काकू, तुमच्या चाळीत फोन किती घरी होते?"

"एकाच. पहिल्या मजल्यावर मास्तरांकडे. आम्ही सगळे तोच पीपी नंबर द्यायचो."

मग राउटर म्हणजे ते मास्तर. चाळीतलं कोणीही फोन करो, पलीकडच्याला दिसतो मास्तरांचाच नंबर. दहा घरांतून दहा फोन गेले तर मास्तर वहीत लिहून ठेवतात: अमुक ठिकाणी केलेला फोन बारा नंबरचा, तमुक सात नंबरचा. उत्तर आलं की वही बघून त्या खोलीला हाक. राउटर हुबेहूब हेच करतो. आतून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या पाकिटावर, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि पोर्टचा आकडा असतो. राउटर तो पत्ता खोडून स्वतःचा टाकतो, गरज पडली तर पोर्टचा आकडाही बदलतो, आणि हे सगळं आपल्या वहीत नोंदवतो. एका पत्त्यामागे पोर्टचे आकडे ६५,५३५ पर्यंत जातात, म्हणून एकाच नंबरावर अख्खी चाळ बोलू शकते. या पत्ताबदलाला नॅट म्हणतात. त्याचा पहिला आरएफसी १९९४ चा, आणि त्यात हा थोड्या काळापुरता उपाय म्हणूनच मांडलेला होता.

"आणि बाहेरून कोणी आपणहून फोन केला तर?" मुलाने विचारलं.

उत्तर काकूंनीच दिलं. "नाव सांगितलं नाही तर मास्तर ठेवून द्यायचे."

तेच. वहीत नोंद नाही, म्हणजे पॅकेट टाकून द्यायचं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे मास्तरांना आधीच देऊन ठेवलेली सूचना: मसाल्याबद्दल कोणी विचारलं तर बारा नंबरला बोलवा. आमची सूचना बरोबर होती. पण आमच्या मास्तरांकडेच बाहेरचा नंबर नव्हता, कारण फायबरचा जो डबा कंपनीने भिंतीवर ठोकला होता तोही राउटरचंच काम करत होता. एका मास्तरांच्या पुढे दुसरे मास्तर.

त्या डब्याचा पासवर्ड लाइनमनकडे. तो मंडपांच्या बांबूंमधून वाट काढत अडीचला आला. बिचारा सकाळपासून याच गल्ल्यांत फिरत होता. त्याने डबा उघडून दिला, मी तिथेही सूचना लिहिली: ८००० वर आलेलं आतल्या राउटरकडे पाठव. मोबाइल डेटावर पुन्हा पाहिलं. पुन्हा चकती.

खरं तर मी अकरा वाजताच ट्रेसराउट करायला हवं होतं. केलं तीन वाजता. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, अजून किती राउटर ओलांडायची मुभा आहे त्याचा. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट मरतं आणि ज्या राउटरवर मेलं तो सहसा उलट कळवतो. म्हणून एकची मुभा देऊन एक पॅकेट सोडायचं, मग दोनची, मग तीनची, आणि वाटेतले राउटर एकेक करून आपली ओळख देतात. पडद्यावर ओळी उमटल्या. पहिली १९२.१६८.०.१, दुसरी १९२.१६८.१.१, आणि तिसरी १०० ने सुरू होणारी.

ती तिसरी ओळ दिसली आणि माझे खांदे पडले. डब्याच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला, तोही १०० नेच सुरू. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी बाजूला काढले गेले. म्हणजे तिसरे मास्तर कंपनीच्या इमारतीत बसलेले होते. 'माझा पत्ता सांग' म्हटल्यावर वेबसाइट दाखवत होती तो १०३ ने सुरू होणारा पत्ता त्यांचा होता, आणि त्यांच्या हाताखाली आमच्यासारखी कितीतरी दुकानं आणि घरं.

लाइनमन म्हणाला, "साहेब, आमच्याकडे सगळ्यांना असंच असतं." त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, कारण मूळ टंचाई फार वरची आहे. जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाचा सामायिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आशिया-पॅसिफिक भागाचं वाटप करणाऱ्या एपनिक या संस्थेच्या वाट्याला जो शेवटचा मोठा गठ्ठा आला तो १०३ चाच. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून रेशन लागलं: त्या गठ्ठ्यातून एका सभासदाला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते, आणि २०१९ पासून ५१२. गल्लोगल्ली फायबर ओढणाऱ्या छोट्या कंपनीने हजारो गिऱ्हाइकांना पुरवायचे कसे? ती पत्ते वाटून वापरणारच. माझी तक्रार एवढीच की कनेक्शन विकताना हे कोणी सांगत नाही. काकूंनी ते स्वस्त म्हणून घेतलं आणि बाहेरून हाक ऐकू येणारा पत्ता त्यात नव्हता.

काकूंना सांगायला सोपं गेलं. "मास्तरांचा फोन म्हणजे गिरणीच्या बोर्डावरचं एक्सटेन्शन आहे असं समजा. बाहेरचा फोन आधी गिरणीच्या ऑपरेटरकडे जातो, आणि तो आपली सूचना लिहून घेत नाही."

"मग ऑपरेटरला सांग."

कस्टमर केअरला फोन केला. स्वतंत्र पत्ता मिळतो, जादा पैसे भरून, दोन-तीन दिवसांनी. गाडी रात्री बाराच्या सुमारास.

तेव्हा उलट्या बाजूने विचार केला. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येतं. मग हाक डीव्हीआरनेच मारावी. बहुतेक नव्या डीव्हीआरमध्ये ही सोय असते, यातही होती, फक्त बंद ठेवलेली. डीव्हीआर बाहेरच्या एका सर्व्हरला स्वतःहून फोन लावतो आणि तिन्ही वह्यांत आपोआप नोंद होते. बराच वेळ कोणी बोललं नाही तर नोंद पुसली जाते, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे' एवढंच कळवत राहतो. काकूंचा मोबाइलही त्याच सर्व्हरला फोन लावतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट सांगतो, दोघे एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट सोडतात, आणि वह्यांत नोंद झालेली असल्यामुळे पलीकडचं पॅकेट उत्तर समजून आत घेतलं जातं. ते नाही जमलं तर सर्व्हर मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवतो. मुलाने विचारलं, आयपीव्ही ६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळतो ना? मिळतो, १२८ बिटांचा. पण काकूंच्या डीव्हीआरला ती भाषा येत नाही.

सोय चालू केली. मग दोन्ही ठिकाणच्या पोर्टच्या सूचना पुसून टाकल्या. मुलाला वाटलं, असू द्यायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये ट्विटरसारख्या मोठ्या साइट काही तास बंद पाडल्या. काकूंच्या डीव्हीआरचा पासवर्डही कारखान्यातलाच होता, इतकी वर्षं, आणि तो मी बदलायला हवा होता. बदलला. काकूंनी तो मालवणी आणि घाटी मसाल्याच्या प्रमाणांच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतला.

सात वाजता काकूंच्या मोबाइलचं वायफाय बंद केलं आणि त्यांना गल्लीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. ढोलांचा सराव चालू होता, बोललेलं ऐकू येत नव्हतं. त्यांनी बोट लावलं. चकती फिरली, दोन सेकंद, तीन. मग डंख दिसला, मिरचीची पोती दिसली, आणि गल्ल्याशी उभा राहून कॅमेऱ्याकडे हात हलवणारा आमचा मुलगा दिसला. काकूंनीही मोबाइलकडे बघून हात हलवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. गाडी कणकवली सोडून पुढे निघाली होती, रेंज येत-जात होती.

"दिसतंय का, काकू?"

"सगळं काळोखात आहे रे. पण देवाच्या फोटोपुढचा लाल बल्ब दिसतोय."