एका डोक्याला दोन हेडफोन

महागडा हेडफोन घ्यायला निघालेला माणूस आधी मॉडेल विचारतो, मग किंमत. खरं तर पहिला प्रश्न असा हवा: तुमचं घर किती वाजता शांत होतं? कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत, रस्त्याला लागून घर असेल, तर उत्तर बहुधा रात्री साडेदहाच्या पुढचं येतं. तोवर कुकरच्या शिट्ट्या, वरच्या टाकीची मोटर, बोळातून गेलेली बुलेट आणि समोरच्या कट्ट्यावर कालच्या फुटबॉल मॅचची चिरफाड. हेडफोनवर किती पैसे घालायचे आणि कशावर घालायचे, हे या उत्तरावर ठरतं.

घरात ऐकण्यासाठी जाणकार मंडळी ज्याचं नाव घेतात तो प्रकार ओपन-बॅक. त्याच्या कपाला मागून जाळी असते. ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरचा, पडदा पुढे जेवढा आवाज ढकलतो तेवढाच मागेही ढकलतो. बंद कपात हा मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्यात मिसळतो, जाळीतून मात्र तो सरळ निघून जातो. म्हणून गाणं डोक्याच्या आत कोंबल्यासारखं न वाटता थोडं बाहेर, मोकळ्यावर वाजतं. सेनहायझर कंपनीने १९६८ साली पिवळ्या फोमचा एचडी ४१४ काढला, तिथून या प्रकाराची सुरुवात झाली. त्याच घराण्यातला १९९७ चा एचडी ६०० आजही विकला जातो.

जाळीतून आवाज बाहेर जातो तसा आतही येतो, ही याची दुसरी बाजू. शेजारी झोपलेल्या माणसाला तुमचं गाणं ऐकू जातं आणि तुम्हाला पंखा. एप्रिल-मेमध्ये पंखा पाचवर असतो आणि ख्यालाच्या शेवटी विरत जाणारा तंबोरा त्या घरघरीखाली गाडला जातो. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस. म्हणजे कोल्हापुरात ओपन-बॅकचा खरा हंगाम दिवाळी ते शिमगा, साधारण उसाच्या गळिताएवढाच. आणि नेमके तेव्हाच उसाचे ट्रॅक्टर टेप लावून जात असतात. तरीही, रात्री उशिरा तास-दीड तास निवांत बसता येत असेल तर ओपन-बॅकच घ्यावा. जे ऐकायचं असतं ते यातच ऐकू येतं.

काय ऐकायचं असतं? परीक्षेला तंबोऱ्याइतकं चांगलं वाद्य नाही, आणि ते तर आपल्या शेजारच्या मिरजेतच बनतं. पुरुष गायकाचा षड्ज (सा) पेटीच्या काळी एकवर धरला तर जोडाच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. पण तंबोऱ्याची जान असते जवारीत. तार ब्रिजच्या उतरत्या माथ्याला चाटत राहते आणि कित्येक हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर एकामागून एक उमलत जातात. हेडफोन मंद असेल तर नुसती घूं ऐकू येते. ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, चढवलेला असेल तर कानाशी डास. चांगल्या हेडफोनवर खर्ज छेडल्यानंतरचा तो उमलण्याचा क्रम वेगळा ओळखू येतो, आणि गायकाने लावलेला गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराला मिळतो ती जागाही कळते.

दुसरी परीक्षा डग्ग्याची. मनगट दाबून काढलेली घुमक वर सरकते तेव्हा ती स्वरासारखी सरकायला हवी. बेस फुगवलेल्या हेडफोनवर ती नुसती धप्प होते. तिसरी, एकच मोकळा गळा, वाद्यं जवळजवळ नाहीत असा. गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि १८८३ पासूनचा संगीताचा देवल क्लब इथलाच, त्यामुळे जुन्या मैफिलींची नि ७८ आरपीएमच्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं हौसेने जपणारी मंडळी कोल्हापुरात कमी नाहीत. त्यांनी एक सांभाळावं: त्या तबकड्यांवर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं फारसं नसतंच, असते ती खरखर. अंगचं ट्रेबल जास्त असलेला हेडफोन गळ्यात भर घालत नाही, फक्त खरखर महाग करतो. अशा ऐकण्याला मधल्या पट्ट्यात सच्चा असलेला एचडी ६०० किंवा एचडी ६५० त्याहून दुप्पट किमतीच्या झगझगीत मॉडेलपेक्षा बरा.

दुकानात ऐकून बघताना दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली आवाजाची पातळी. दोन हेडफोनांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा "जास्त भारी" वाटतो, त्यामुळे दोन्हींची पातळी कानाने शक्य तेवढी सारखी करून मगच बदलून ऐकावं. दुसरी वेळ. पाच मिनिटांत सगळेच आरामशीर असतात. अर्धा तास डोक्यावर ठेवला की खरं कळतं: कानामागे घाम, टाळूवर पट्टीचा दाब, चष्म्याच्या दांड्या कानशिलात रुतणं. एचडी ६०० सुमारे २६० ग्रॅमचा आहे, पण नवा असताना दोन्ही बाजूंनी घट्ट आवळतो. डोक्याएवढ्या रुंदीच्या खोक्यावर रात्रभर ताणून ठेवला तर सैलावतो. प्लॅनर मॅग्नेटिक (सपाट, पातळ पडद्याच्या) जातीचे काही हेडफोन अर्धा किलोच्या वर जातात. आवाज देखणा, मान मात्र तुमची.

आता तो वाजवायचा कशावर? एचडी ६०० च्या खोक्यावर रोधाचा ३०० ओहमचा आकडा वाचून लोक घाबरतात आणि हेडफोनइतकाच महाग ॲम्प्लिफायर घेऊन बसतात. हिशेब साधा आहे. या जातीचे हेडफोन एका व्होल्टला शंभर डेसिबलच्या आसपास देतात. घरात सरासरी ७० ते ७५ डेसिबलवर गाणं ऐकलं तर रेकॉर्डिंगमधली टोकं त्याहून वीसेक डेसिबल वर जातात, म्हणजे ९०-९५. फोनला लावायचा, एक व्होल्ट देणारा छोटा यूएसबी-सी डोंगल तिथे काठावर पुरतो. कमी आवाजात रेकॉर्ड केलेल्या जुन्या मैफिलींना तो तोकडा पडतो. त्यासाठी दोन व्होल्टवाला घ्यावा, सहा डेसिबल जास्त मिळतात. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. घरात पडून असलेल्या जुन्या स्टिरिओच्या जॅकला लावणार असाल तर एक लक्षात असू द्या. काहींच्या जॅकमागे १२० ओहमच्या जवळपासचा रेझिस्टर असतो. एचडी ६०० चा रोध १०० हर्ट्झजवळ ५०० ओहमपर्यंत चढतो, त्यामुळे तिथे आवाज साधारण एक डेसिबल फुगतो. कुणाला ते गोड लागतं. सरळ हवं असेल तर ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. केबलवर वेगळे पैसे घालू नयेत, एवढंच.

प्रवासाचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. तिथे पैसे गाण्याच्या बारकाव्यासाठी मोजायचे नसतातच, कारण बारकावा गोंगाटात बुडतो. तिथे विकत घ्यायची ती शांतता, आणि कुठल्या गोंगाटातून सुटका हवी ते आधी बघायचं.

नॉइज कॅन्सलिंग करतं ते असं: बाहेरचा माइक आवाज ऐकतो, चिप त्याची उलटी लहर बनवते आणि दोन्ही कानाशी एकमेकींना मारतात. पण या कामाला किंचित वेळ लागतो. समजा एक मिलिसेकंदाचा दहावा भाग उशीर झाला. १०० हर्ट्झच्या लहरीसाठी तो तिच्या एका फेऱ्याचा शंभरावा हिस्सा, म्हणजे काहीच नाही. ५००० हर्ट्झला तोच उशीर बरोबर अर्धा फेरा होतो आणि वजा होण्याऐवजी बेरीज होते. म्हणून हे तंत्र साधारण हजार हर्ट्झच्या खाली, सलग चाललेल्या घूं आवाजावर चालतं. त्याच्या वरचं सगळं पॅडच्या जाडीवर आणि ते कानाभोवती किती हवाबंद बसतं त्यावर.

आता आपली वाहनं एकेक बघू. उजळाईवाडीच्या विमानतळाहून उडणाऱ्या एटीआर-७२ विमानाला सहा पात्यांचे पंखे असतात. उंचीवर गेल्यावर ते मिनिटाला हजाराच्या आसपास फिरतात, गुणिले सहा, भागिले साठ: १०० हर्ट्झ. नॉइज कॅन्सलिंगसाठी जणू बेतूनच दिलेला आवाज. बटण दाबताच विमान अर्धं नाहीसं होतं. त्यातही पंख्यांच्या रेषेतल्या पुढच्या रांगा टाळून मागे बसलात तर आणखी बरं. महालक्ष्मी एक्सप्रेसच्या एसी डब्यातली घरघरही याच जातीची, ती छान जाते. पण घरघर गेली की पलीकडच्या बर्थवर जमत असलेलं लग्न जास्तच स्पष्ट ऐकू येतं, कारण माणसाचं बोलणं वरच्या पट्ट्यात पसरलेलं असतं. कुंडली जुळत नाही हे तुम्हालाही कळतं.

लाल परीत मात्र हे तंत्र हात टेकतं. तिथला त्रास इंजिनापेक्षा खिडकीच्या काचा, पत्रा आणि सामानाच्या रॅकचा. ही सगळी खडखड वरच्या पट्ट्यातली. शिवाय गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा आंबा घाटात बस आदळली की कप कानावर हलतो, आतला दाब बदलतो, चिप त्यालाही आवाज समजून उत्तर देते आणि कानात बारीक थप्प बसते. एसटीने वारंवार जाणाऱ्याने नॉइज कॅन्सलिंगचा महाग हेडफोन न घेता कानात बसणारे वायरचे इअरफोन आणि फोमचे टिप घ्यावेत. टिप बोटात चुरून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायचा. नीट बसला तर बाहेरचा आवाज वीस-पंचवीस डेसिबलने खाली येतो, तोही सगळ्या पट्ट्यांत. बहुतेक लोक टिप नुसता टेकवतात आणि मग "बेसच नाही" म्हणतात. मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढे मात्र यातलं काहीही चालत नाही, तो छातीतून आत येतो. आणि दुचाकीवर किंवा रंकाळ्याच्या रस्त्यावर चालताना कान मोकळे ठेवलेलेच बरे.

शांतता विकत घेण्यामागे चैनीपलीकडचंही कारण आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला ती निम्मी होते. ८९ वर गेलात की आठवड्याला पाच तास उरले. मुंबईची एक फेरी आणि कोटा संपला.

प्रवासाच्या हेडफोनमध्ये कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवण्याच्या पद्धतीची, चर्चा फार चालते, ती थोडक्यात उरकू. आयफोन एएसी या कोडेकवरच चालतो, त्यामुळे एलडॅक या दुसऱ्या कोडेकसाठी जादा पैसे देण्यात त्याच्या मालकाला अर्थ नाही. अँड्रॉइडवर एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० केबीपीएसवर धावतो. गर्दीच्या फलाटावर ९९० चा तुटतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन खाली आणावा. डब्यात फरक कळायचा नाही. त्यापेक्षा घडी बघा: सोनीचा एक्सएम४ दुमडतो, एक्सएम५ दुमडत नाही, २०२५ चा एक्सएम६ पुन्हा दुमडतो. सॅकमध्ये भडंगाची पिशवी आणि डबा असताना हा फरक एलडॅकहून मोठा.

ज्याला एकच हेडफोन घ्यायचा आहे, घरालाही तोच आणि गाडीलाही तोच, त्याने बंद कपाचा, नॉइज कॅन्सलिंगवाला आणि यूएसबी-सी वायरवरून डिजिटल गाणं घेणारा बघावा. फोकलचा बॅथिस किंवा सेनहायझरचा मोमेंटम ४ हे करतात. एक्सएम५ चं यूएसबी फक्त चार्जिंगपुरतं आहे. ३.५ मिलिमीटरची वायर लावून वीज बंद ठेवली तर यातले काही वाजतच नाहीत आणि बाकीचे बरेच मंद वाजतात, कारण त्यांचा आवाज आतल्या चिपने सावरलेला असतो. दुकानात हे जरूर करून बघावं.

मात्र चाळीस हजार काढून ठेवले असतील तर त्याचा एक घेण्यापेक्षा पंचवीस-तीसचा वायरचा ओपन-बॅक घरी आणि उरलेल्यात प्रवासाचा, ही वाटणी आम्हाला पटते. कारण टिकण्याचं आहे. ब्लूटूथ हेडफोनचं आयुष्य त्याच्या बॅटरीएवढं, आणि आपल्या हवेत त्याआधी पॅड जातात. त्यावरचं कृत्रिम चामडं पॉलियुरेथेनचं असतं. दमट हवा, घाम आणि डोक्याचं खोबरेल तेल मिळून ते फुगतं नि काळ्या पापुद्र्यांनी मानेवर गळू लागतं. चांभाराकडे नेऊन उपयोग नाही, पॅडच बदलावे लागतात. ऐकून झालं की किंचित ओल्या कापडाने पुसावं, सॅनिटायझर लावू नये, तेल लावलेल्या दिवशी हेडफोन खुंटीवरच ठेवावा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, बॅटरी निम्मी भरून. उन्हात उभ्या गाडीत कधीच नाही.

उलट एचडी ६०० चे पॅड, पट्टीचा फोम, वायर, ड्रायव्हर, सगळं सुटं मिळतं आणि हातानेच निघतं. मखमली पॅड काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावेत, सावलीत वाळवावेत. दबून चपटे झाले की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि सूर बदलतो. लोकांना वाटतं हेडफोन खराब झाला, असतात ते पॅड. हेडफोन घेतानाच एक जोडी जादा मागवून ठेवावी, नंतर पुण्याहून यायला वेळ लागतो.