जमीन बदलली की डासही बदलतात
डासांचा बंदोबस्त म्हणजे धूरफवारणी, ही समजूत मला अपुरी वाटते. जमिनीचा वापर बदलला की तेथे कोणता डास टिकणार, हेही बदलते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जंगल तोडून रस्ते आणि शेते झाली, तेव्हा कडेला उन्हात साचलेल्या पाण्यात हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डार्लिंगी या डासाच्या अळ्या जोमाने वाढू लागल्या. बोर्निओत तर माकडांमधला हिवताप माणसांपर्यंत पोहोचला, आणि त्यामागे जंगलतोडीचा मोठा वाटा आहे. शहरात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसला डबकेही लागत नाही. बांधकामावरच्या उघड्या पिंपात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मादी अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे पिंप नुसते उपडे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते, आणि बांधकामाच्या परवानगीतच ही अट हवी.