पेस्टने घासलेली काच

चवथीला पंधरा दिवस होते तेव्हा काका माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. वय ६८. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडेपर्यंत टिप्पर चालवायचे, आता देवळातल्या भजनात पखवाज वाजवतात. चष्मा काउंटरवर ठेवून म्हणाले, "पॉलिश करून दे रे. समईभोवती कडं दिसतं. समोरून गाडी आली की उजेड फाकतो."

चष्मा ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि विचारलं, "टूथपेस्ट लावली?" चरे घालवायचा हा उपाय नातवाने मोबाइलवर बघून सांगितला होता.

काच सीआर-३९ प्लॅस्टिकची. वर काही मायक्रॉनचा हार्ड कोट, त्याच्यावर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असा चकाकी घालवणारा थर. पेस्टमध्ये दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड असते. ती आधी हेच थर खाते, आणि तेही सारखे नाही. कुठे हिरवट झाक शिल्लक, कुठे पार गेलेली, मधोमध अंगठा फिरल्याची वर्तुळं. चरा म्हणजे खड्डा. तो भरता येत नाही. आजूबाजूचं प्लॅस्टिक त्याच्या तळापर्यंत झिजवावं, तर बाक बदलून नंबर बिघडतो. काही दुकानदार मेण चोळून 'पॉलिश' करून देतात, दोन दिवस चमकतं. ती मला शुद्ध लबाडी वाटते. पूर्वी खऱ्या काचेची भिंगं लाल रूजने पॉलिश करत. रूज म्हणजे आयर्न ऑक्साइड, डिचोलीच्या लाल धुळीत असतं तेच. पण धुळीत वाळूचे कणही असतात, म्हणून आधी नळाखाली धुवायचं, मगच पुसायचं. हे मी रोज सांगतो. लोक तरी शर्टाच्या टोकालाच पुसतात.

काकांनाही सांगितलं, जरा आवाज चढवूनच. "पेस्टने तुम्ही काच घालवलीत." त्यांनी मान खाली घातली. दुकानात गर्दी होती. डोळे तपासणीच्या शिबिरातला आठ महिन्यांपूर्वीचा नंबराचा कागद त्यांच्याकडे होता, काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर तो जुळला. तोच नंबर घालून १४०० रुपयांच्या नव्या काचा बसवून दिल्या.

चवथ झाली आणि काका परत आले. "चरे गेले नाहीत रे." यंदा रात्रीच्या आरत्यांना ते घराबाहेर पडलेच नव्हते, वाटेत दिव्यांनी डोळे दिपायचे.

काचा नितळ होत्या. तेव्हा कुठे त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून रेटिनोस्कोपचा उजेड बाहुलीत टाकला. एरवी आतून लालसर झगझगीत परावर्तन येतं. उजव्या डोळ्यात ते मळकट होतं, मधोमध काळपट सावली. मोतीबिंदू. डाव्यातही सुरुवात.

चरे पडलेली काच आणि गढूळ झालेलं डोळ्यातलं भिंग, दोन्ही उजेड सारखाच फाकवतात. पण वेगळं ओळखायला यंत्रही लागत नव्हतं. "काका, चष्मा काढून समईकडे बघा, कडं जातं का?" एवढंच विचारायचं होतं. कडं राहिलं असतं, मग दोष निव्वळ काचेचा नाही हे तिथेच कळलं असतं. समोर चरे इतके ढळढळीत दिसत होते की मी डोळ्यापर्यंत पोचलोच नाही.

पुढे जिल्हा इस्पितळात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आत कृत्रिम भिंग बसलं, त्या डोळ्याचा नंबर बदलला, आणि मी बसवलेली उजवी काच वाया गेली. नवी काच मी पैसे न घेता दिली. काकांना ते पटलं नाही. चूक त्यांचीच होती म्हणाले.

गेल्या आठवड्यात नातवाला घेऊन आले होते. त्याचा चष्मा मी धूत असताना काका त्याला बजावत होते, "पेस्ट लावू नको हां. माझा डोळा पेस्टनेच गेला."

मी नळ बंद केला. "काका, पेस्टने काच गेली. डोळ्याचं पेस्टशी काही नव्हतं. मी पहिल्याच दिवशी डोळा तपासायला हवा होता."

काका म्हणाले, "असूं दे रे." आणि नातवाला पुन्हा तेच सांगू लागले.