जुना टीव्ही मारायला पंचगंगा यावी लागली होती

वॉशिंग मशीन गेलं. जुलै महिन्यात. ज्यांनी कोल्हापूरचा पावसाळा काढलाय त्यांना पुढचं काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो की आत्ता हे टाइप करताना माझ्या डोक्यावर दोरीला चार टॉवेल, दोन जीन्स आणि पोराचा शाळेचा शर्ट लटकतोय, त्यातली एक जीन्स परवापासून तिथंच आहे आणि तिला आता दही लागल्यासारखा वास यायला लागलाय. सकाळी पोराचा शर्ट इस्त्रीनं वाळवला. वाफ अशी निघत होती की आईनं आतनं विचारलं, इडली केलीस काय रे?

मशीन घेतलं २०२१ मध्ये. म्हणजे पुरतं चार वर्षांचं. काय झालं तर काहीच नाही, बटण दाबलं की सगळे दिवे एकदा लागतात, टुक करून आवाज येतो आणि विझतात. ड्रम हातानं फिरवला तर गरगर फिरतोय, मोटर चांगली, बेल्ट चांगला, पत्रा कुठं गंजलेला नाही. कंपनीचा माणूस आला, व्हिजिटचे साडेपाचशे आधी घेतले, मागचं झाकण काढलं, आत बघितलं न बघितलं आणि म्हणाला पीसीबी (म्हणजे आतला सर्किट बोर्ड) गेलाय सर, ८,७०० होतील, बदललेल्या पार्टला ९० दिवस वॉरंटी. मी गप्प. मग तो हळूच म्हणाला, खरं सांगू काय, त्यात थोडे घालून नवीनच घ्या, एक्स्चेंज चालूय. सगळा कार्यक्रम सात मिनिटांचा, त्यातली दोन मिनिटं त्यानं ओटीपीची वाट बघण्यात घालवली.

बायको म्हणाली, मी तवाच बोललो होतो, साधं सेमी घ्या म्हणून. (बाहेरगावच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, आमच्याकडं बायका पण 'मी बोललो, मी आलो' असंच म्हणतात.)

मग मी पीसीबी काढून पिशवीत घातला आणि लक्ष्मीपुरीत मामांकडं गेलो. मामा म्हणजे नात्यानं कुणी नव्हे, आमचा टीव्ही रिपेअर करणारे मिस्त्री, वय साठीच्या पुढं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मामांची आणि माझी ओळख कशी झाली ते सांगितल्याशिवाय हे सगळं कळणार नाही, म्हणून जरा मागं जातो.

आमच्या घरात डबा टीव्ही होता. २१ इंची, पाठीमागं एवढं मोठं पोट. अठरा वर्षं चालला. मधे मधे चित्र हलायचं, मग वडील उठून एक थाप मारायचे, पुन्हा नीट. तो टीव्ही स्वतःहून मेला नाही हो, २०१९ च्या ऑगस्टमधे पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या घरात छातीएवढं आलं तेव्हा तो गेला. आम्ही वरच्या मजल्यावर गाद्या, धान्य, कागदपत्रं नेली, टीव्ही दोघांना उचलेना म्हणून राहिला. पाणी उतरल्यावर बघितलं तर पडद्यावर चिखलाची रेघ आणि आत एक मेलेला मासा. मासा खरंच होता, अतिशयोक्ती करत नाही.

त्या दिवाळीला नवीन घेतला, ४३ इंची एलईडी, स्मार्ट का काय तो. आता तारीख बघा. १८ डिसेंबर २०२२. फुटबॉलच्या वर्ल्ड कपची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. कोल्हापूरकर वाचत असतील तर त्यांना त्या रात्रीचं महत्त्व सांगायला नको, पेठेपेठेत मेस्सीचे कटआऊट लागलेले, आमच्याकडं चौदा माणसं, आईनं मिसळ केलेली. अर्जेंटिना २-० पुढं, सगळे निवांत, आणि ऐंशीव्या मिनिटाला फ्रान्सनं एक मारला, लगेच पुढच्या मिनिटाला दुसरा, आणि त्याच गोंधळात पडदा काळा. आवाज चालू! चित्र नाही! माझ्या मेहुण्यानं वडिलांसारखी थाप मारली, काही उपयोग नाही, पातळ टीव्हीला थाप मारायला जागाच नसते. उरलेली मॅच, तीन-तीन आणि वर पेनल्टी शूटआऊट, आम्ही चौदाजणांनी एका काळ्या काचेसमोर बसून रेडिओसारखी ऐकली. एकाच्या मोबाईलवर दिसत होतं पण ते अर्धा मिनिट मागं, त्यामुळं गोल आधी ऐकायचा आणि मग धावत जाऊन बघायचा.

तीन वर्षं दोन महिने. त्याला मारायला कुठली नदी पण यावी लागली नाही.

सर्व्हिस सेंटर म्हणालं पॅनेल बदलावं लागेल, १९,००० रुपये. टीव्हीच २४ ला घेतलेला. तेव्हा ऑफिसमधल्या शिपायानं मामांचा पत्ता दिला.

मामांनी दुकानातच खाली गादी अंथरली, त्यावर स्वच्छ चादर, टीव्ही उताणा ठेवला आणि टीव्हीतला आवाज चालू ठेवून पडद्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. आत चित्र दिसत होतं! अगदी पुसट, विहिरीच्या तळाला दिसावं तसं, पण होतं. "पॅनेल चांगलं हाय," मामा म्हणाले, "मागची बत्ती गेल्या." मग त्यांनी तो उघडला. दोन रबरी पकडी लावून काच उचलली, श्वास धरून, कारण ती जरा वाकली तरी संपलं, खाली पांढरे पातळ कागद एकावर एक, आणि त्याच्या खाली तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर सात एलईडी, प्रत्येकावर भिंगासारखी प्लॅस्टिकची टोपी. मामांनी टेस्टरच्या दोन सुया एकेकाला लावल्या. पेटला, पेटला, पेटला. दुसऱ्या पट्टीवरचा पाचवा पेटला नाही. टोपी काढली तर त्या एलईडीच्या मधोमध मोहरीएवढा काळा ठिपका.

एकवीसमधला एक. दिवाळीच्या माळेसारखे सगळे एकापाठी एक जोडलेले, एक गेला की सर्किट तुटलं आणि सगळा टीव्ही आंधळा. तेवढ्यासाठी १९,००० सांगितले होते.

मामांनी तिन्ही पट्ट्या नवीन घातल्या, एकट्याला बदललं तर महिन्यानं शेजारचा जातो म्हणाले. २,२०० रुपये मजुरीसकट. पण मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं तर त्यानंतरचं. मामांनी पॉवर बोर्डवरचा एक बारीक रेझिस्टर काढून टाकला. मी विचारलं हे काय? तर म्हणाले, "करंट कमी केला. दुकानात भडक दिसाया पायजे म्हणून कंपनी ह्यास्नी लई करंट देत्या. आता जरा मंद दिसंल, पण टिकंल." आणि मला दम दिला की सेटिंगमधे बॅकलाईट शंभरवर ठेवायचा नाही, साठच्या वर गेला तर माझ्याकडं यायचं नाही.

तो टीव्ही आजही चालू आहे. मंद दिसतो म्हणून आजपर्यंत घरात एकानंही तक्रार केलेली नाही.

तर एलईडी उष्णतेनं मरतो आणि उष्णता करंटनं होते, एवढं साधं गणित आहे ते. आणि हे मामांनाच माहितीय असं नाही, सगळ्या कंपन्यांना माहितीय. २०१६ मध्ये दुबईच्या नगरपालिकेनं फिलिप्सकडनं खास बल्ब करून घेतला, दुबई लॅम्प म्हणतात त्याला, त्यात नेहमीपेक्षा जास्त एलईडी घालून प्रत्येकाला करंट कमी दिला, ३ वॅटमधे ६०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप), गार राहतो आणि टिकतो. म्हणजे करता येतं. मामांनी जिन्याखाली एक रेझिस्टर काढून जे केलं तेच मोठ्या फॅक्टरीत केलं त्यांनी. पण त्यात दोन एलईडीच्या जागी चार घालावे लागतात, म्हणून सगळीकडं विकत नाहीत. आमच्या बाथरूममधे मी वर्षाला दोन बल्ब बदलतो आणि प्रत्येकाच्या खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं. हे पंचवीस हजार तास आतल्या एलईडीचे असतील हो, पण त्याच्या बुडात जो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारं सर्किट असतं, त्याचं कोण बोलणार? त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा बारका डबा घ्या. त्याच्या अंगावर १०५ डिग्री लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच स्वस्त मालाचं आयुष्य त्या तापमानाला २,००० तास एवढंच धरलेलं असतं. दर १० डिग्री गार ठेवला की आयुष्य साधारण दुप्पट. म्हणजे ६५ डिग्रीला ठेवलात तर ३२,००० तास. आणि आपण काय करतो, बंद काचेच्या डोममधे बल्ब कोंबतो आणि कंपनी काय करते, कपॅसिटर नेमका सगळ्यात तापणाऱ्या पार्टच्या मांडीवर बसवते.

कंपन्या मुद्दाम वॉरंटी संपल्यावर बिघडवतात असं आमचा मेहुणा छातीठोक सांगतो. मला तेवढं वाटत नाही. मला वाटतं त्यांना फक्त घेणं नसतं, पंधराव्या वर्षी काय होईल याचा विचार करणाऱ्या माणसाला तिथं पगारच नसेल. पण मग निदान उघडता तरी येऊ दे ना! आईचा मिक्सर १९९८ चा आहे, त्याचे कार्बन ब्रश चारदा बदलले, कपलर किती वेळा ते मोजलं नाही, आणि अजून तो शेंगदाण्याची चटणी अशी करतो की शेजारी उठून येतात. तो काय अमर आहे म्हणून चालत नाही, चार स्क्रू काढले की आतलं सगळं समोर दिसतं म्हणून चालतो. पापाच्या तिकटीला चप्पल नेली तर तळ घालून मिळतो. आणि पोराचे ते कानात घालायचे बड्स, दीड हजाराचे, दीड वर्षात एक कान अर्ध्या तासात बंद, आत वाटाण्याएवढी बॅटरी, आणि बाहेरनं गोंदानं कायमचं बंद केलेलं. उघडायचं तर फोडायचं. नुसती बॅटरी म्हातारी झाली म्हणून चांगला स्पीकर, चांगला माईक कचऱ्यात.

आता पुन्हा वॉशिंग मशीनवर येतो. मामांनी माझ्या पिशवीतनं पीसीबी काढला आणि कपाळाला हात लावला. पीसीबी कसला, जेलीचा ट्रे तो. सगळं सर्किट पारदर्शक रेझिनमधे बुडवून गोठवलेलं, आतले पार्ट काचेतल्या फुलांसारखे दिसतात पण सुई कुठं टेकवता येत नाही. मी शिव्या द्यायला सुरवात केली तर मामांनीच थांबवलं. "तसं न्हवं दादा. आधी उघडे यायचे, तवा पाली शिरायच्या, झुरळं शिरायची, वल्या हवेनं गंजायचे. म्हणून भरत्यात." म्हणजे त्या रेझिननंच मशीन चार वर्षं वाचवलं आणि त्या रेझिननंच आता रिपेअर बंद केलं. मला हे ऐकून राग कुठं ठेवायचा तेच कळेना.

आणि समजा बोर्डवरची मुख्य चिपच जळाली असली तर? इंजिनाचा पार्ट मिळत नसला तर आपल्याकडं लोक उद्यमनगरात जातात, लेथवाल्यापुढं तुटलेला तुकडा ठेवतात आणि संध्याकाळी तसाच नवीन घेऊन येतात, या गावाचं अर्धं पोट त्यावर चालतं. पण चिपमधला प्रोग्रॅम लेथवर निघत नाही. तो कंपनीकडंच. सर्किटचा नकाशाही कंपनीकडंच. मामा चाळीस वर्षं या धंद्यात आहेत आणि त्यांना जुन्या टीव्हीबरोबर नकाशा घडी करून मिळायचा, डब्याच्या आत चिकटवलेला सुद्धा असायचा.

दिल्लीत याबद्दल काहीच नाही असं नाही. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या जुलैत राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमधे पोर्टल काढलं. मी जाऊन बघितलं, वॉरंटीची माहिती, कस्टमर केअरचे नंबर, असं आहे, माझ्या मशीनचा नकाशा काही मला तिथं सापडला नाही. युरोपात मात्र दात आहेत कायद्याला. २०२५ च्या २० जूनपासून तिथं नवीन मोबाईलचे महत्त्वाचे पार्ट मॉडेल विकायचं बंद झाल्यावर सुद्धा सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि २०२७ च्या फेब्रुवारीपासून बारक्या वस्तूंमधली बॅटरी साध्या माणसाला घरी काढून बदलता आली पाहिजे. पोराला हे सांगितलं तर म्हणाला मग २०२७ ला घेऊया नवीन बड्स. पोरगं हुशार आहे, पण त्याला हे कळत नाही की तिकडचं मॉडेल वेगळं आणि इकडचं वेगळं असू शकतं.

मामा म्हणाले ठेवून जावा, हीट गननं जमंल तेवढं खरवडून बघतो, गॅरंटी न्हाई. मी ठेवून आलो. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. बायको रोज रात्री विचारते, मी रोज सांगतो मामा बघतायत, दोरीवरची जीन्स तिथंच.

हे एवढं लिहून झालं आणि आत्ता मामांचा फोन आला. रिले, म्हणजे बोर्डवरचा वीज चालू-बंद करणारा बारका स्विच, गेला होता, पंचेचाळीस रुपयांचा. रेझिन मऊ करून, कोपऱ्याकोपऱ्यानं उकरून तेवढी जागा मोकळी केली आणि बदलला. मजुरी ९०० म्हणाले. दिवे लागतायत, टुक करून विझत नाहीत.

"फक्त एक झालंय दादा," मामा म्हणाले, "हीट गननं बझर वितळला. धुणं झाल्यावर त्ये गाणं वाजतंय बघा, त्ये आता वाजायचं न्हाई. चालंल काय?"

मी फोनवर हात ठेवून बायकोला विचारलं.

"आधी का न्हाई वितळवला?" म्हणाली.