तुम्ही विचारलंत म्हणून: चाळिशीत हूप डान्स शिकता येतो का?

‘शाळेत असताना मधल्या सुट्टीभर रिंग फिरवायचे. परवा मुलीची रिंग घेतली, तर दोन फेऱ्यांत पायाशी. आता या वयात हूप डान्स जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?’ शब्द बदलतात, पण प्रश्न हाच असतो. २०२० साली दिल्लीच्या एश्ना कुट्टीचा साडीवर बूट घालून केलेल्या हूप डान्सचा, म्हणजे रिंग अंगावर आणि हातांवर फिरवत केलेल्या नाचाचा, व्हिडिओ सगळीकडे फिरला, तेव्हापासून तर फारच. एकदा नीट उत्तर देते.

जमेल. रिंग पडते ती वयामुळे नाही आणि कंबर वाढली म्हणूनही नाही. ती मुलीच्या मापाची आहे, म्हणून पडते.

थोडा हिशेब करून बघा. मुलीच्या कमरेचा घेर ५५ सेंमी धरा. तिची रिंग ६५ सेंमी व्यासाची असेल, तर रिंगचा घेर झाला २०४ सेंमी, म्हणजे कमरेच्या पावणेचार पटीच्या आसपास. आता तुमची कंबर ८८ सेंमी असेल आणि तेवढंच प्रमाण हवं असेल, तर रिंगचा घेर लागेल साधारण ३२५ सेंमी, म्हणजे व्यास १०४ सेंमी, जवळजवळ ४१ इंच. मुलीच्या रिंगेत हेच प्रमाण तुमच्यासाठी सव्वादोन पटीवर येतं. घेरांमधला फरक कमी झाला की रिंग भराभर फिरवावी लागते, आणि नवशिक्याला धक्का कधी द्यायचा हे कळायच्या आत ती खाली आलेली असते. मोठी रिंग सावकाश फिरते, शरीराला विचार करायला वेळ देते. म्हणून मोठ्या माणसाची पहिली रिंग ३८ ते ४२ इंचांची हवी. रिंग जमिनीवर पायाशेजारी उभी धरा. वरची कडा बेंबी आणि छाती यांच्यामध्ये आली, तर माप बरोबर. वजन ४०० ते ६०० ग्रॅम.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रिंगा यात बसत नाहीत. खेळण्यांच्या दुकानातली पातळ रिंग छोटी आणि हलकी असते. तुकडे जोडून होणारी, आतून उंचवटे असलेली रिंग सांध्यासांध्यावर अडखळते. ‘पोट कमी करा’ म्हणून विकली जाणारी दीड-दोन किलोची रिंग फिरवायला सोपी वाटते खरी, पण बरगड्यांवर आणि कमरेच्या हाडांवर जोरात आपटते, आणि ती हातावर घेऊन नाचता येत नाही. दोरीला गोळा लटकवलेला पट्टा तर या कामाचाच नाही. तो अंगावरून निघत नाही, आणि हूप डान्सची निम्मी मजा रिंग अंगावरून हातात आणि हातातून परत अंगावर घेण्यात आहे.

माझं स्पष्ट मत आहे की पहिली रिंग घरी बनवावी. पाइपच्या किंवा शेती साहित्याच्या दुकानात २५ मिमीचा काळा एचडीपीई पाइप वेटोळ्यात मिळतो. दोन मिमीच्या आसपास जाडीचा घ्या, साडेतीन मीटर पुरतो. ठिबकची १६ मिमीची नळी स्वस्त पडते, पण तिची भिंत इतकी पातळ असते की कमरेला लागताच ती चेमटते आणि दुमडते. ती घेऊ नका. पीव्हीसीचा पांढरा पाइपही नको, तो वाकत नाही, तडकतो. एचडीपीई हा काही गरिबाचा पर्याय नव्हे. १९५८ साली अमेरिकेत व्हॅम-ओ कंपनीने हुला हूपचं वेड लावलं, तेव्हा त्या रिंगा मार्लेक्स नावाच्या प्लॅस्टिकच्या होत्या आणि मार्लेक्स म्हणजे हेच एचडीपीई. त्याआधी ऑस्ट्रेलियात मुलं व्यायामाच्या तासाला बांबूच्या रिंगा फिरवत, त्यावरून ती कल्पना उचलली होती.

तुमच्या मापाचा घेर मोजून पाइप कापा. हॅक्सॉचं ब्लेड चालतं, फक्त काप सरळ हवा, तिरका झाला तर सांध्यात फट राहते आणि तिथे कातडी चिमटते. जोडायला आत बसणारा खाचांचा जोड मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर २० मिमीच्या पाइपचा १० सेंमी तुकडा घ्या, तो आत किंचित सैल बसतो, म्हणून त्याच्यावर टेप गुंडाळून तो घट्ट करा. पाइपची टोकं मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा, जाड फडक्याने पकडा आणि तुकडा दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंमी आत दाबा. गार झालं की पाइप जोडाला आवळून बसतो. स्क्रू मारू नका, त्याचं डोकं कपड्यात अडकतं आणि सैल झालं की ओरखडा काढतं. वरून टेपचे तीन-चार वेढे पुरे. दहा सेकंद दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. फिरत्या रिंगेचा सांधा सुटला तर पाइपचं टोक चाबकासारखं येतं, त्यामुळे ही परीक्षा टाळू नका.

वेटोळ्यातला पाइप कधी कधी अंड्यासारखा लांबट राहतो. अशी रिंग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमरेपासून दूर जाते आणि लय तुटते. दुपारच्या उन्हात गच्चीवर सपाट ठेवा, ज्या दिशेला लांब आहे तिथून दाबून दोरीने बांधा आणि सावलीत गार होऊ द्या. शेवटी आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, किंवा बाहेरून कापडी टेप तिरकी गुंडाळत न्या. चमकदार टेप दिसते छान, पण घसरते. पाइपचं वजन साधारण साडेचारशे ग्रॅम भरतं, टेप धरून पाचशेच्या आत.

कपड्यांचाही यात मोठा वाटा आहे. पॉलिएस्टरच्या ट्रॅकपँटवरून रिंग लोण्यासारखी घसरते. सुती लेगिंग आणि अंगाबरोबरचा सुती टी-शर्ट घाला. सैल कुर्ता असेल तर त्याची गाठ मारा. पायात काही नको. घरात करत असाल तर पंखा बंद ठेवा. हात वर करून रिंग फिरवली की ती पंख्यापर्यंत आणि ट्यूबलाइटपर्यंत सहज पोहोचते. आठ फूट बाय आठ फूट मोकळी जागा लागतेच. फरशीवर रिंग पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो, म्हणून भोवती सतरंजी अंथरा, पण स्वतः उभं राहा ते उघड्या फरशीवर. सतरंजीवर पाय सरकतो.

आता उभं राहणं. एक पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे सैल, पाठ ताठ. बहुतेक उजव्या हाताची माणसं रिंग समोरून उजवीकडून डावीकडे फिरवतात, त्यांना डावा पाय पुढे ठेवून बरं वाटतं. दोन्ही करून बघा, ज्याने सोपं जातं ते धरा. रिंग दोन्ही हातांत धरून पाठीच्या खोलगट भागाला चिकटवा. ती जमिनीला समांतर आहे ना, हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दहा पडण्यांपैकी बहुतेक इथेच ठरलेल्या असतात. एक हात वर, एक खाली असा तिरका फेक झाला, तर पुढे कंबर कितीही हलवा, ती सावरत नाही. धड आधी उलट्या दिशेला वळवा, मग जोर लावून रिंग सपाट सोडा. हळुवार सोडू नका, सुरुवातीचा वेग हातांनीच द्यायचा असतो.

आणि कंबर गोल फिरवू नका. शिकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की रिंग गोल फिरते म्हणजे आपणही गोल फिरायचं. तसं केलं की दुसऱ्या फेऱ्याला आपण आणि रिंग वेगवेगळ्या तालात जातो. खरी हालचाल आहे पुढे-मागे. रिंग पोटाला लागली की पोट पुढे ढकला, पाठीला लागली की पाठ मागे. वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर, परत पुढच्यावर, एवढंच. एका फेऱ्यात दोन धक्के. केरव्यातलं मध्य लयीचं एखादं भावगीत लावा, ढोल-ताशा किंवा लावणीची द्रुत लय मोठ्या रिंगेला झेपत नाही. खाली बघू नका. मान झुकली की धड झुकतं आणि रिंगचा एक काठ खाली येतो. कोपर छातीच्या उंचीवर ठेवा. आणि श्वास सोडा, नवशिके तो धरून ठेवतात आणि मग पोट दगडासारखं होतं.

रिंग नक्की कुठे ठेवायची? बेंबीच्या रेषेत, कमरेच्या हाडांच्या वर. याला आता गणिताचाही आधार आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी छोट्या फिरत्या यंत्रांवर वेगवेगळे आकार बसवून त्यांच्याभोवती रिंगा फिरवल्या आणि २०२५च्या सुरुवातीला ते काम प्रसिद्ध झालं. सरळ दंडगोलावर आणि शंकूवर रिंग टिकली नाही. टिकली ती डमरूसारख्या, मध्ये बारीक आणि खाली उतार असलेल्या आकारावर. ज्यांची कंबर सरळ आहे त्यांनी यावरून खचू नये. त्यांना धक्के थोडे जास्त वेळा आणि जास्त जोराने द्यावे लागतात, इतकाच फरक. तीच रिंग त्यांनाही येते.

रिंग घसरू लागली की बहुतेक जण थांबतात. थांबू नका. गुडघे वाकवा, धक्के दुप्पट वेगाने द्या. तरीही उतरत असेल तर रिंग ज्या दिशेला फिरते आहे त्याच दिशेला स्वतः पावलं टाकत वळा. तुमच्या मानाने रिंगचा वेग कमी होतो आणि ती वर घ्यायला सवड मिळते. उलट दिशेला वळलात तर ती आणखी घाईची होईल. ही सवय पहिल्याच आठवड्यात लागली, तर सराव निम्मा सोपा होतो.

पहिल्या आठवड्यात कमरेच्या हाडावर आणि खालच्या बरगड्यांवर निळे डाग उठतील. ते बघून घरचे ओरडतात, पण हे नेहमीचंच आहे. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं करा, सलग तासभर नको. डाग दुखत असेल तर एक दिवस सोडा. पंधरा दिवसांत कातडी आणि हात दोन्ही सरावतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मणक्याचा किंवा हर्नियाचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा सिझेरियन नुकतंच झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. दुसरी दिशा पहिल्या आठवड्यापासूनच शिका. हूप करणारे याला ‘पहिला करंट’ आणि ‘दुसरा करंट’ म्हणतात. सवयीच्या बाजूने पाच मिनिटं झाली की पाय बदला आणि उलट्या बाजूने पाच मिनिटं. ते पुन्हा पहिल्या दिवसासारखं अवघड वाटेल, रिंग पडेल, चिडचिड होईल. पण एकाच बाजूने महिनोन्‌महिने फिरवलं, तर एकाच अंगाचे स्नायू काम करत राहतात, कंबर एका बाजूला दुखते. आणि पुढे नाचताना रिंग एका हातातून दुसऱ्या हातात देऊन दिशा बदलायची वेळ आली की तिथेच गाडी अडते.

कमरेवर दोन्ही दिशांनी दोन-तीन मिनिटं टिकू लागलं की ‘आता कमरेवर अजून काय?’ असं विचारण्यापेक्षा रिंग हातात घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात ती उभी फिरवा, बोटं उघडी. मुठीत आवळली की ती थांबते. आधी समोर, भिंतीला समांतर. मग शेजारी, सायकलच्या चाकासारखी. मग डोक्यावर आडवी. पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात देणं हे पहिलं खरं नृत्य. त्यानंतर कमरेवरून उचलणं. रिंग फिरत असताना हात पोट आणि रिंग यांच्यामध्ये घाला, तळवा बाहेरच्या बाजूला, अंगठा खाली, आणि टी-शर्ट काढावा तशी ती डोक्यावर न्या. पहिल्या वेळी ती नाकावर येते. हात लवकर वर न नेता अर्धवट उंचीवर थांबल्यामुळे तसं होतं.

‘आयसोलेशन’ म्हणजे रिंग हवेत जागच्या जागी थांबल्यासारखी दिसणं, व्हिडिओत सगळ्यांना भुलवतं तेच. त्यात हात रिंगच्या आकाराएवढं वर्तुळ काढतो आणि रिंगचं केंद्र हलत नाही. सरावासाठी तितक्याच मापाची दुसरी रिंग भिंतीवर खिळ्याला अडकवा आणि तिच्यापुढे उभं राहून तिच्या काठावरून हात फिरवत न्या. आरशापेक्षा याने लवकर चूक कळते. हात खाली येताना वर्तुळ चेपलं जातं, तिथे लक्ष ठेवा.

यूट्यूबवर ‘हूप डान्स’ शोधलंत तर पाच-दहा छोट्या रिंगांतून गरुडाचे पंख, साखळ्या, गोल असे आकार करणारे नर्तकही दिसतील. ती उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची गोष्ट सांगणारी नृत्यपरंपरा आहे. तिची मोठी स्पर्धा फिनिक्समधल्या हर्ड संग्रहालयात होते. जरूर बघा, पण ती आपण शिकतो आहोत त्यापेक्षा वेगळी कला आहे.

हातावरच्या प्रकारांसाठी पुढे ३० ते ३४ इंचांची, १६ ते २० मिमी जाड, हलकी रिंग लागेल. कमरेवर पाच मिनिटं दोन्ही दिशांनी झाल्याशिवाय ती घेऊ नका. आणि ती आल्यावर मोठी रिंग कुणाला देऊन टाकू नका. छातीवर, खांद्यांवर आणि गुडघ्यांवर शिकायला परत तीच काढावी लागते.