नळ बंद, तरी पंप चालू: मोटरहोममधल्या आइसमेकरची गळकी नळी

मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, एकही नळ उघडा नसताना पाण्याचा पंप वाजला, तर हातातलं काम टाकून उठायचं. या पंपाला दाबावर चालणारा स्विच असतो. नळ सोडला की लाइनमधला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो, आणि आमच्या गाडीतला पंप ५५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) आसपास आपोआप थांबतो. त्यानंतर तो रात्रभर गप्प राहायला हवा. गॅलपला पहाटे तो राहून राहून दोन-तीन सेकंद वाजत होता, आणि फ्रीजसमोरच्या कार्पेटची कड पायाला ओली लागली.

गॅलप हे न्यू मेक्सिकोतलं गाव, आय-४० महामार्गावरचं, जुन्या रूट ६६ वरचं. उंची जवळजवळ दोन हजार मीटर. आजूबाजूला सगळा वाळवंटी मुलूख, पण जानेवारीत रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. मिशिगनहून निघताना आमच्या सगळ्या लाइन कोरड्या होत्या. ओक्लाहोमा ओलांडल्यावर टाकी भरली, आणि ॲरिझोनाच्या उबेत पोचायच्या आत ही थंडी आडवी आली.

शेजारच्या गाडीत कॅनडाहून आलेले एक आजोबा होते. त्यांचा अंदाज, की फ्रीजमधल्या दवाचं पाणी बाहेर नेणारी बारीक नळी तुंबली असेल. शक्य होतं. पण दवाच्या पाण्यानं पंप कशाला वाजेल? पंप वाजतोय म्हणजे दाबाखालचं पाणी कुठून तरी निसटतंय. (सगळीकडे कोरडं असूनही पंप वाजत असेल, तर पंपाच्या आतला चेक व्हॉल्व्ह पाहावा. तो नीट बसत नसेल तर पाणी उलटं टाकीत जातं.) कॅम्पग्राउंडच्या नळाला गाडी जोडलेली असेल, तर पंप बंद असतो आणि ही खूण मिळतच नाही. तेव्हा बाहेरचा नळ बंद करून टाकीतल्या पाण्यावर पंप लावायचा आणि कान द्यायचा.

ओल फ्रीजच्या पुढे होती, पण तेवढ्यावरून गळती पुढे आहे असं धरता येत नाही. गाडी त्या जागेवर पुढच्या उजव्या अंगाला किंचित कललेली होती. पाणी मागून फरशीखाली शिरून उताराकडे आलेलं. मी गाडीच्या बाहेरच्या बाजूचं जाळीचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला.

आमचा फ्रीज प्रोपेनवरही चालतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापवून तो गारवा तयार करतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही युक्ती, आणि मला तिचं आजही अप्रूप वाटतं. पण मागची उष्णता बाहेर जावी म्हणून या फ्रीजच्या पाठीला बाहेरची मोकळी हवा खेळती ठेवावी लागते. आणि आइसमेकरचा, म्हणजे फ्रीजमध्ये आपोआप बर्फ करणाऱ्या यंत्राचा, पाण्याचा व्हॉल्व्ह बसवलेला असतो नेमका तिथेच! घर आतून कितीही उबदार असो, पाव इंची प्लास्टिकच्या नळीचा शेवटचा हातभर तुकडा गॅलपच्या थंडीत उघडा पडलेला असतो.

आता गळती व्हॉल्व्हच्या अलीकडे की पलीकडे? हे ओळखणं सोपं आहे. व्हॉल्व्ह विजेवर उघडतो, तोही बर्फाचा साचा भरायचा असेल तेव्हाच, काही सेकंद. म्हणून पलीकडची नळी फुटली असेल तर पाणी अधूनमधून येतं, बर्फाचा घाणा पडला की. अलीकडच्या नळीत मात्र चोवीस तास दाब असतो, तिथे फुटलं की संततधार. मी सगळं कोरडं पुसलं, प्रत्येक जोडाखाली किचन टॉवेलचा तुकडा ठेवला आणि पंप लावला. व्हॉल्व्हच्या नटाखालचा कागद लगेच ओला झाला. नट पुसून पाहिला तर त्याच्या काठाला, जिथे नळी एकदम वळते तिथे, पांढुरकी केसासारखी चीर होती.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. नळीत बर्फाचा बोळा बसतो, तो आणि बंद व्हॉल्व्ह यांच्यात अडकलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो, आणि नळी जिथे आधीच ताणलेली असते तिथे हार मानते. या तुकड्यावर नळी गरम ठेवणारी १२ व्होल्टची हीटिंग टेप गुंडाळलेली होती. मल्टीमीटर लावला तर ती मेलेली. म्हणजे थंडीशी एकटी नळीच झुंजत होती.

दुरुस्तीआधी फ्रीज गॅस आणि वीज दोन्हींवरून बंद केला, प्लग काढला. आमचा व्हॉल्व्ह १२० व्होल्टचा आहे, आणि ओल्या हातांनी तिथे चाचपडणं धोक्याचं. बर्नर आणि चिमणीच्या बाजूला हात लावण्याआधी थोडा वेळ जाऊ द्यावा, तो भाग चांगलाच तापलेला असतो. मग पंप बंद, सगळे नळ उघडे, दाब उतरवला.

फक्त चिरलेलं टोक कापून पुन्हा जोडता आलं असतं, पण ती नळी वाकवली की कडकड करत होती. जी एका जागी फुटली ती दुसऱ्या जागीही फुटणार, म्हणून सिंकखालच्या फाट्यापासून पूर्ण नळी बदलली. दुकानदार तांब्याची नळी सुचवत होता. घरात तांबं उत्तम, पण चालत्या गाडीत हादऱ्यांनी ते कडक होत जातं आणि जोडापाशी तडकतं. गोठलं तर फाटतं. मी पाव इंची पेक्स, म्हणजे लवचीक प्लास्टिकची नळी, घेतली. ती थोडी फुगून पुन्हा जागेवर येते. नवी नळी ओढायला भिंत उघडावी लागत नाही. जुनीच्या टोकाला नवी टेपनं घट्ट बांधायची, एकानं सिंककडून हळूहळू सोडायची, दुसऱ्यानं बाहेरून ओढायची. नवरा आत, मी बाहेर. मधे एका क्लिपपाशी अडली, तिथला स्क्रू सैल करताच आली.

माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करायचे. नळीचं तोंड काटकोनात कापलं नाही तर जोड बसत नाही, हे मी तिथे लहानपणीच पाहिलेलं. कात्रीनं किंवा पक्कडीनं तोंड चपटं होतं. नळी कापायचं छोटं कटर मिळतं, तेच वापरावं. मग आधी नट, नंतर फेरूल, म्हणजे नळीवर आवळली जाणारी छोटी कडी, आणि शेवटी नळीच्या पोटात पितळेची छोटी नळकांडी, म्हणजे इन्सर्ट. हा इन्सर्ट कृपा करून विसरू नका. प्लास्टिकची नळी मऊ असते, फेरूलनं आवळली की आत दबते आणि काही महिन्यांनी जोड ढिला पडतो. इन्सर्ट असला की फेरूलला चावायला आधार मिळतो. आमच्या जुन्या जोडात तो नव्हताच.

अशा आवळून बसणाऱ्या कॉम्प्रेशन जोडाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायची नाही. पाणी अडतं ते फेरूलपाशी, आट्यांशी त्याचा संबंध नाही. नट आधी हातानं बसेल तेवढा, नंतर पान्यानं साधारण एक फेरा. दुसऱ्या पान्यानं व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवायचं, नाहीतर त्याची पट्टी पिळवटते. पाना जड लागायला लागला की थांबायचं. व्हॉल्व्हमागे नळीचा एक मोकळा वळसा ठेवला, म्हणजे हादरे जोडावर येणार नाहीत. वर फोमचं आवरण, चिमणीपासून दूर. नवी हीटिंग टेप पुढच्या मोठ्या गावात मिळाली.

पंप लावला, जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळला. कागद कोरडा, पंप गप्प. सकाळी पुन्हा पाहिला, आणि महामार्गाचे धक्के खाऊन झाल्यावर पुन्हा एकदा. सुरुवातीचा बर्फ टाकून द्यावा, त्याला नव्या नळीचा वास येतो.

खरी काळजी मला फरशीची होती. आमच्या गाडीची फरशी म्हणजे दोन पातळ प्लायमध्ये फोम. ओल आत राहिली तर थर सुटतात, आणि मग नळीच्या किमतीत भागत नाही, अख्खी फरशी उचलावी लागते. कार्पेट उलटं करून पंखा लावला. दोन सुयांचं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन फ्रीजच्या चारही बाजूंना रोज आकडा पाहत राहिलो, तो गाडीतल्या कोरड्या कोपऱ्याच्या आकड्याला येऊन मिळेपर्यंत. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेनं इथे फार मदत केली. हेच दमट जागी झालं असतं तर मी लगेच डीह्युमिडिफायर आणला असता.

माझी मैत्रीण म्हणाली, “ट्रे भरून फ्रीजरमध्ये ठेव ना, एवढा खटाटोप कशाला?” तिचं म्हणणं योग्य आहे, फक्त मग नळीही बंद करायला हवी. बर्फ करा किंवा करू नका, त्या नळीत दाब कायम असतो. बर्फ नकोच असेल तर सिंकखालच्या फाट्यावर पितळेची टोपी बसवा, विषय संपला. आम्हाला बर्फ हवा होता, म्हणून त्या फाट्यावर मी छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवला. आता थंड रात्री तो बंद करते आणि बाहेरचा नट सैल करून नळीतलं पाणी काढून टाकते. मिशिगनमध्ये हिवाळ्यासाठी गाडी मिटवताना लाइनमध्ये ४० पीएसआयच्या आतली हवा मारतो, तेव्हा आइसमेकर एकदा चालवून घ्या. व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय त्याच्या पोटातलं पाणी निघत नाही.